प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या आगबोटींच्या खालच्या वर्गात कोण असत?

दादरकर: स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघाले आणि पुढे योकोहामाहून ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या आगबोटीने व्हँकुव्हरला पोहोचले, हे आपण वाचलेले असते; पण याच मार्गाने कायमचे स्थलांतर करणारे प्रवासी कोण होते?

गिरगावचा वाचक: मुख्यतः दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातले मजूर. पॅसिफिक मेल कंपनीने १८६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते हाँगकाँग नियमित सेवा सुरू केली. तिकिटाला पैसे नसलेले अनेक जण उसनवारीवर निघत आणि तिकडच्या मजुरीतून ती फेडत. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेश बंद केला. कॅनडाने १८८५ मध्ये माणशी ५० डॉलर कर तर बसवलाच, शिवाय जहाजाच्या दर ५० टनांमागे एकच चिनी प्रवासी आणता येईल, अशी अटही घातली. माणसांचा हिशेब टनांत, हे मला करापेक्षाही बोचते.

माहीमकर: जपानी मजुरांनाही विसरू नये. फेब्रुवारी १८८५ मध्ये ‘सिटी ऑफ टोकियो’ नऊशेहून अधिक जपान्यांना घेऊन होनोलुलूला पोहोचली. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते आणि हे लोक उसाच्या मळ्यांसाठी करारावर आले होते. आपल्या गिरमिटियांसारखेच म्हणा ना.

दादरकर: आभारी आहे. टनांची अट मला ठाऊकच नव्हती.