ब्रिक्स मीटर ६ वर अडकलाय, बीअर आंबायची थांबली काय?

खानापूरकर:
मामा साखर कारखान्याच्या ऊस विभागात होते, त्यांचा हातातला ब्रिक्स मीटर (रसात साखर किती टक्के ते दाखवणारा) माझ्याकडं आलाय. यीस्ट टाकायच्या आधी वॉर्टला, म्हणजे माल्टच्या गोड पाण्याला, १२ दाखवला. आता बुडबुडे बंद, पण ६ च्या खाली उतरायला तयार नाही. हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती दांडी) मागवला तर तो १.००८ सांगतोय, म्हणजे जेमतेम २ ब्रिक्स. खरं कोण बोलतंय? साखर शिल्लक राहून गॅसनं बाटल्या फुटल्या तर आई घरात घेणार नाही.

टिळकवाडी_बॉय:
साखर शिल्लक हाय भावा, अजून यीस्ट टाक.

लॅबवाले काका:
यीस्टबिस्ट काही टाकू नका. मीटर चांगला आहे, काम चुकीचं सांगताय त्याला. थेंबातून जाताना प्रकाश किती वाकतो एवढंच तो बघतो, आणि पाण्यात नुसती साखर आहे असं धरून आतली पट्टी आखलेली असते. उसाच्या फडात तेवढं पुरतं. तुमच्या डब्यात आता अल्कोहोल झालंय, तेही पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं, म्हणून आकडा वर राहतो. १२ वरून ६ असेल तर खरी ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०१० च्या आसपास येते. नेटवर कॅल्क्युलेटर आहेत, सुरुवातीचा आणि आताचा असे दोन्ही ब्रिक्स घालायचे.

हायड्रोमीटरही थोडा कमी सांगतोय बहुतेक. त्यावर २०° छापलंय का बघा. बीअर ३० अंशांवर असेल तर पातळ होते, दांडी जास्त बुडते. तेव्हा ०.००२५ मिळवा. आले की दोघे एका ठिकाणी!

नमुना दोन पेल्यांत वरखाली ओतून गॅस घालवलात ना? बुडबुडे दांडीला चिकटले की ती वर उचलली जाते. सोडताना हलकी गिरकी द्या. काठाला चढलेलं पाणी वाचू नका, डोळा पातळीला आणून मधली सपाट रेघ वाचा. आणि खात्री करायची तर २५ ग्रॅम साखर, २२५ ग्रॅम पाणी. किराणा दुकानातला काटा नको, सोनाराकडचा घ्या. २० अंशांना मीटरवर १०, हायड्रोमीटरवर १.०४० यायलाच पाहिजे.

सीमावासी:
परवान्याशिवाय घरी बीअर करणं अबकारी कायद्यात बसत नाही बरं का. पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला डबा नेलात तरी तेच. सीमाप्रश्नात एवढं एकमत दुसरीकडं कुठं दिसणार!

खानापूरकर:
काका, साखरपाणी करून बघितलं. मीटर बरोबर १०, हायड्रोमीटर १.०३७. पाणी ३१ अंशांवर होतं.

लॅबवाले काका:
मग दांडी ठीक आहे, फरक गरमीचाच. पण बाटल्या लगेच भरू नका. सलग तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा तोच राहू दे, मगच गॅस धरण्यापुरती लिटरला ६-७ ग्रॅम साखर घालून भरा. मीटर मामांना परत द्या, गाळप सुरू होईल आता.