टॅरोचा अर्थ लागत नसेल तर आणखी पान काढावं का?

सांजवेळ: माझं ठाम मत, काढू नये. गेल्या महिन्यात ‘नोकरी सोडू का?’ असं विचारून टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांतली तीन पानं काढली. एट ऑफ कप्स, म्हणजे रचलेले पेले मागे टाकून रात्री चालू लागलेला माणूस. मग फोर ऑफ पेंटॅकल्स, नाणं छातीशी कवटाळून बसलेला. तिसरं द मून. एक म्हणतंय नीघ, दुसरं म्हणतंय धरून ठेव, तिसऱ्यात सगळंच धूसर. उलगडा व्हावा म्हणून जादा पान काढलं, मग अजून एक. नऊ झाली. मनासारखं आलं तेव्हाच हात थांबला. याला वाचन कसं म्हणायचं?

पिंपळपान: सहमत नाही. जादा पान वाईट नाही, ते कशासाठी काढतोय हे आधी ठरवायला हवं. मी एकच काढते, तेही अडलेल्या पानावर बोट ठेवून: ‘ही भीती पैशाची की पदाची?’ आणि तुमचा प्रश्नच हो-नाहीचा होता. ७८ पानांत ‘हो’ असं लिहिलेलं एकही पान नाही. ‘ही नोकरी सोडताना मी नक्की काय सोडतेय?’ असं विचारलं असतंत, तर हीच तीन पानं एकमेकांशी बोलली असती.

कुळागर: सांजवेळ यांच्याशी सहमत. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला म्हणून माझी आजी दुपारी परत कौल लावायला कधी गेली नाही.

तर्कवेल: मला दोन्ही बाजू पटत नाहीत. हे पत्ते १५व्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी बनले. त्यांत भविष्य बघायची चाल पसरली ती १८व्या शतकात. तुम्ही वर्णन केलेली चित्रं तर चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली, १९०९ची. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली वर्गातल्या सगळ्यांना स्वभावाचं एकच वर्णन दिलं, तरी ‘हे मला किती लागू पडतं’ याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. स्पष्ट वाटणारा अर्थही आपणच भरत असतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. काका आजारी असताना टॅरो बघणाऱ्या एकीने मावशीकडून प्रत्येक जादा पानाचे वेगळे पैसे घेतले. अर्थ जितका अंधूक, तितकी पानं जास्त.

पिंपळपान: ते निंद्यच आहे, आणि अशांना आमच्यातल्यांनीच अडवायला हवं. पण फोरर यांच्या विद्यार्थ्यांना वर्णन आयतं मिळालं होतं. इथे चित्र बघून आपल्याला बोलावं लागतं, आणि बोलताना नको असलेलंही तोंडून निघतं.

सांजवेळ: प्रश्न बदलायचा मुद्दा पटला. जादा पान मात्र नकोच, एकावर थांबणं मला जमत नाही. काल तुमचा प्रश्न घेऊन तीच तीन पानं पुन्हा मांडली. मूनमध्ये दोन बुरुजांमधून एक वाट लांबवर जाते. त्या दिवशी मी नुसती कुत्रा आणि लांडग्याकडेच बघत बसले होते. राजीनामा दिलेला नाही. पगाराशिवाय किती महिने निघतील, त्याचा हिशेब मांडायला घेतलाय.