लाईन गेली की ग्राहकाला काय कळवायचं? – अनुभव धागा

नेट बंद पडलं की फोन वाजायला लागतात, आणि फोन उचलणाऱ्यालाच नेमकं काय झालंय ते ठाऊक नसतं. गावात, तालुक्यात, उपनगरात नेट पुरवणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्यांनी इथे लिहावं: बिघाड कसा ओळखता, निरोप कधी पाठवता, त्यात काय लिहिता, कुठे फसतं. कंपन्यांची नावं नकोत, कामाचं लिहा.

ओएलटीचा पहारा, सांगली

निरोप लिहिण्याआधी बिघाड कुठल्या जातीचा आहे ते कळायला हवं, आणि ते ऑफिसात बसून दोन मिनिटांत कळतं. ओएलटी म्हणजे ऑफिसातलं, घराघरात फायबरने नेट सोडणारं यंत्र. त्याचा एक पॉन पोर्ट (फायबर निघतं ते तोंड) म्हणजे साधारण ६४ घरं. ती सगळी एकाच क्षणी गेली तर मुख्य फायबर तुटलं. त्यातली आठच गेली तर त्या गल्लीतला स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणारा डबा) किंवा त्याच्याकडे जाणारी तार. एकच गेलं तर घरातली पॅचकॉर्ड (डब्याला जोडणारी छोटी तार), अडॅप्टर, नाहीतर उंदीर.

आता खरी मेख. घरातली लाईट गेली की ओएनयू (ग्राहकाच्या घरातला फायबरचा डबा) बंद पडता पडता ओएलटीला शेवटचा संदेश पाठवतो, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. लॉगमध्ये तो दिसला तर वीज गेली आहे, फायबर शाबूत आहे. तो न येता नुसता लॉस (प्रकाश येत नसल्याची खूण) दिसला तर तार तुटली. हे न बघता ‘फायबर कट’चा निरोप सोडला, की वीज येताच नेट चालू होतं आणि पुढच्या खऱ्या कटला कोणी विश्वास ठेवत नाही. स्वस्तातले काही ओएनयू हा संदेश पाठवतच नाहीत, म्हणून प्रत्येक पोर्टवर असा संदेश पाठवणारी निदान चार-पाच घरं कुठली आहेत ते लिहून ठेवावं.

तिसरी जात हळू मरणाऱ्या लाईनची. ओएनयूला येणारा प्रकाश उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असला की निवांत (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा वाढला की प्रकाश कमी). उणे २७ च्या पलीकडे गेला की लाईन ये-जा करू लागते. ग्राहक म्हणतो ‘स्लो आहे’, आपण म्हणतो ‘स्पीड टेस्ट करा’. रोज रात्री सगळ्या ओएनयूंचे आकडे उतरवून आठवड्यात २ डीबीच्या वर घसरलेली घरं बाजूला काढा. ‘तुमच्या लाईनचा सिग्नल कमी होतोय, उद्या सकाळी माणूस येईल’ हा फोन आपण आधी केला तर तक्रारच येत नाही.

काचतार, कराड

ऑफिसवाल्यांना एकच विनंती. आम्ही जागेवर पोचेपर्यंत ‘तासाभरात चालू होईल’ असं कोणालाही सांगू नका.

हिशेब असा आहे. ओटीडीआर (तारेत प्रकाश सोडून कट किती लांब आहे ते मोजणारं यंत्र) ‘२,३४० मीटरवर कट’ दाखवतो, पण ते अंतर तारेचं, रस्त्याचं नाही. खांबाखांबावर सोडलेल्या जादा तारेच्या गुंडाळ्या त्यात धरलेल्या असतात. त्यांची नोंद नसेल तर माणूस शे-दोनशे मीटर पुढेमागे शोधत फिरतो. कट सापडला की तार सोलणं, जेली पुसणं, ट्यूब लावून घेणं यात अर्धा-पाऊण तास. मग एका कोअरला (तारेतल्या एका काचेच्या धाग्याला) क्लीव्ह म्हणजे टोक सरळ कापणं, स्प्लाइस म्हणजे मशीनने जोडणं, आणि जोडावरची स्लीव्ह तापवणं धरून तीन-चार मिनिटं. २४ कोअरचे दीड तास इथेच झाले.

आणि हे तार नीट कापली गेली असेल तर. जेसीबीने किंवा उसाच्या ट्रॉलीने तार ओढून तोडली असेल तर दोन्ही टोकं जुळत नाहीत, मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे दोन जोड, २४ चे ४८ स्प्लाइस. शिवाय ओढ बसलेली तार लांबवर आतून मोडलेली असू शकते. जोड झाला तरी प्रकाश कमी दिसतो तो यामुळे. भर पावसात तर आधी ताडपत्री बांधायची, कारण मशीनच्या खाचेत ओल गेली की प्रत्येक स्प्लाइस दोनदा करावा लागतो.

म्हणून जागेवरून दोनच गोष्टी कळवायच्या: तुकडा लागणार की नाही, आणि पहिल्यांदा कुठली कोअर जोडतोय. जास्त घरांची कोअर आधी घेतो, त्यामुळे भाग टप्प्याटप्प्याने चालू होतात. ऑफिसने निरोपही तसाच भागवार सोडावा. ‘सर्व सुरळीत’ म्हणून मोकळं झालं की शेवटच्या चार कोअरवाल्यांच्या शिव्या आम्हाला खांबावर ऐकाव्या लागतात.

तक्रार खिडकी, नाशिक

काचतार यांच्याशी सहमत, पण ग्राहकाला काहीतरी वेळ हवीच असते. त्यावर तोड अशी: लाईन कधी सुरू होईल ते सांगायचं नाही, पुढची माहिती कधी देऊ ते सांगायचं. आणि ती वेळ मात्र पाळायची, कळवण्यासारखं नवं काही नसलं तरी.

आमचा साचा: ‘गणेशनगर, टिळक चौक: केबल तुटली. काम सुरू. पुढची माहिती ७ वाजता.’ हा ६२ खुणांचा आहे. आकडा महत्त्वाचा, कारण मराठी एसएमएस एका भागात ७० खुणांचाच जातो, इंग्रजीसारखा १६० चा नाही. त्यापेक्षा मोठा झाला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं वेगळं मोजलं जातं. जोडाक्षरातला हलन्तसुद्धा. ‘क्ष’ दिसतो एक, मोजला जातो तीन. त्यामुळे ‘आपणांस कळविण्यात येते की तांत्रिक कारणास्तव’ हे परवडत नाही, आणि तसंही ते वाचतं कोण!

एसएमएससाठी डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची व्यवस्था) नोंदणी आणि साच्याची मंजुरी लागते. लाईन गेल्यावर साचा मंजूर करून घेण्यात अर्थ नाही. पाच साचे आधीच करून ठेवा: बिघाड, पुढची माहिती, सुरू झालं, ठरवून बंद, मुदत संपतेय. बिघाडाच्या निरोपाला शेपूट म्हणून नव्या प्लॅनची जाहिरात जोडू नका. तो निरोप मग प्रचाराच्या वर्गात जातो, डीएनडी घेतलेल्यांना (जाहिराती नकोत असं नोंदवलेल्यांना) मिळत नाही, आणि नेट बंद असताना प्लॅन विकणं शोभतही नाही.

व्हॉट्सॲपचं सांगते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. बहुतेकांनी तो केलेला नसतो, म्हणून जोडणी देतानाच ग्राहकाच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्यायचा. ग्रुप करायचा तर ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ हे आधी लावा, आणि ग्रुप भागवार ठेवा. सगळ्या गावाचा एकच ग्रुप असला की पूर्वेकडे लाईन गेल्यावर पश्चिमेचेही फोन करतात.

फोनवर आधी रेकॉर्ड केलेला निरोप लावता आला तर अर्धे फोन तिथेच थांबतात. काम झाल्यावर तो काढायचं लक्षात ठेवा.

वाडीवस्ती, चिपळूण

वरचं सगळं मोबाईलला रेंज असेल तर. आमच्याकडे दरीतल्या वाड्यांत घरचं वायफाय गेलं की फोनही मुका, व्हॉट्सॲप पोचणार कुठून. प्रत्येक वाडीत एका दुकानदाराला किंवा अंगणवाडीताईंना धरायचं, रेंज येते त्या जागेवरून तेच निरोप आणतात. दुकानाच्या फळीवर खडूने लिहिलेलं अजूनही चालतं.

विजेचं गणित ग्राहकाला सरळ सांगून टाकावं. छोट्या ओएलटीला स्विचसकट १०० वॅट धरले तर १२ व्होल्ट १५० एएचच्या एका बॅटरीवर कागदावर १८ तास निघतात, प्रत्यक्षात १० ते १२, बॅटरी जुनी असेल तर ६. पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस नसते. त्यामुळे बॅटरी निम्म्यावर आल्यावर ‘लाईट आली नाही तर रात्री ११ च्या सुमारास नेट बंद होईल’ असा निरोप आधीच जायला हवा. मुलांचे फॉर्म, बँकेची कामं लोक तोवर उरकून घेतात. घरात १२ व्होल्टचा मिनी यूपीएस असेल तरच आमच्या बॅटरीचा उपयोग, हेही सांगावं. वीज कडाडू लागली की राउटरचा प्लग काढा हा निरोप मेच्या शेवटी एकदा, जूनमध्ये एकदा. काचेतून वीज वाहत नाही, पण तारेला आधाराला असलेल्या लोखंडी वायरमधून आणि विजेच्या प्लगमधून येते.

खांब नंबर सात, पुणे

ठरवून बंद ठेवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी एक निरोप आणि काम सुरू व्हायच्या तासभर आधी दुसरा. पहाटे २ ते ५ ही वेळ चांगली असं पुस्तकात असतं, पण अमेरिकेच्या शिफ्टवाले घरून काम करतात तेव्हा तीच त्यांची भर दुपार. त्या सोसायट्यांना वेगळं विचारावं. पुण्यात विजेच्या देखभालीचा वार गुरुवार, आपलं कामही त्यातच बसवलं तर दोनदा त्रास नाही.

गणपतीत उंच मूर्तीसाठी रस्ता ओलांडणाऱ्या तारा वर घ्याव्या लागतात किंवा सोडाव्या लागतात. मंडळांकडून मूर्तीची उंची आणि मिरवणुकीचा मार्ग आधी घ्या, मग रस्त्यावार निरोप लिहा. खोदाईसाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप २०२३ च्या मार्चपासून आहे. त्यावर आपल्या जमिनीखालच्या तारांची माहिती असेल तरच खोदणाऱ्याकडून सूचना येते. गल्लीबोळातला ठेकेदार मात्र ॲप बघत नाही, त्याच्या जेसीबीवाल्याचा नंबर आपल्याकडे हवा.

हिशेबाची वही, कोल्हापूर

निम्म्या ‘नेट बंद’ तक्रारी बिघाडाच्या नसतात, मुदत संपल्याच्या असतात. पूर्वी ब्राउझर उघडला की ‘रिचार्ज करा’ असं पान यायचं. आता बहुतेक साईट सुरक्षित जोडणीच्या असल्याने ते वळण लागत नाही आणि नुसतं ‘इंटरनेट नाही’ दिसतं. म्हणून तीन दिवस आधी, एक दिवस आधी आणि त्या सकाळी असे तीन निरोप. मुदत रात्री १२ ला न संपवता दुपारी १२ ला संपवा, म्हणजे ऑफिस उघडं असताना गोंधळ होईल.

बंद राहिलेल्या दिवसांची भरपाई मागायला लावू नका. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) सेवा-गुणवत्ता नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आहेत, त्यात वायरलाइनचा (तारेच्या जोडणीचा) बिघाड ३ दिवसांच्या पुढे गेला तर भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची आहे. आम्ही २४ तासांच्या पुढे गेलं की एक दिवस स्वतःहून वाढवतो आणि ‘मुदत १४ वरून १५ तारीख केली’ असा आकड्यासकट निरोप देतो. नुसतं ‘दिलगीर आहोत’ म्हटलं की पुढच्या महिन्यात वाद येतोच.

ओएलटीचा पहारा, सांगली

एक राहिलं. ‘सुरू झालं’च्या निरोपात ‘राउटर २ मिनिटं बंद करून चालू करा’ लिहितो, त्याच्या शेजारीच लिहा: ‘मागचं पिनचं भोक दाबू नका.’ रिसेट झाला की पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड पुसलं जातं, आणि जोडलेल्या लाईनवर परत माणूस पाठवावा लागतो. लाल लॉस दिवा लुकलुकत असेल तर बंद-चालू करून काही होणार नाही, तिथे थेट फोनच करायला सांगा.