मदत हवी आहे: बडोद्यात वस्तीतल्या मुलांचा वर्ग चालवतो, शिकवणाऱ्या मुलींच्या मानधनासाठी ग्रँट कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय. ट्रस्ट, सीएसआर (म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च), फाउंडेशन या लाइनमधलं कोणी इथे असेल तर प्लीज पूर्ण वाचा, जरा लांबलंय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहिते.

आम्ही दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या काही मराठी बायका, बहुतेक जणी शाळेतून किंवा बँकेतून रिटायर झालेल्या. आमचा एक छोटा ट्रस्ट आहे, चॅरिटी कमिशनरकडे रजिस्टर्ड, ई नंबर आहे, दर वर्षी ऑडिट होतं, बारा-ए आणि ऐंशी-जी (ट्रस्टला आणि देणगीदाराला आयकरात सूट मिळते त्या नोंदण्या) पण आहे, फक्त अजून प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या. काम एकच, विश्वामित्रीच्या काठच्या एका वस्तीत संध्याकाळचा वर्ग. मुलं समितीच्या (म्हणजे महापालिकेच्या) गुजराती शाळेत जाणारी, आया अलकापुरी नाहीतर जुन्या पादरा रोडला धुणीभांडी करतात, बाप कडियाकामावर, म्हणजे गवंडीकामावर. पाचवीत गेलेल्या मुलाला वाक्य वाचता येत नाही अशी सुरुवात असते आणि दोन वर्षांत तोच मुलगा आईला लाइटबिल वाचून दाखवतो. एवढंच करतो आम्ही, पण ते मनापासून करतो.

शिकवतात त्या दोघी मुली त्याच वस्तीतल्या, एक बाहेरून बी.ए. करतेय. मुलं त्यांना बेन म्हणतात. आम्ही मराठी बायका कितीही चांगलं गुजराती बोललो तरी त्या दोघींसारखं जमत नाही, कारण त्यांना घर न घर माहीत आहे. त्यांच्या हजेरीच्या वहीत नुसता गैरहजर म्हणून शेरा नसतो, मुलाच्या नावापुढे कारण लिहिलेलं असतं, ‘भाई राखे छे’ म्हणजे धाकट्या भावाला सांभाळतोय, ‘पाणी’ म्हणजे टँकरच्या लायनीत, ‘गाम’ म्हणजे आईबापासोबत दाहोदला गावी. दुसऱ्या दिवशी त्या जाऊन धाकट्या भावासकट मुलाला वर्गात आणून बसवतात. हे काम पगाराशिवाय कोणी रोज करेल का?

आणि इथेच गाडं अडतंय. वस्तू द्यायला सगळे तयार असतात. वाढदिवसाला वह्या, दिवाळीला फराळ, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा तर ब्लँकेट आणि किराणा किट इतके आले की वाटून संपेनात, आणि त्या मदतीबद्दल खरंच कृतज्ञ आहोत कारण घराघरात चिखल होता. पण मानधन म्हटलं की सगळे हात आखडता घेतात. एका कंपनीच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की दप्तरं मागा, पंखे मागा, पगाराला आम्ही देत नाही. दप्तरं आत्ताच कपाटावर छतापर्यंत रचलीत हो. सध्या मानधन आम्ही पदरमोड करून देतोय, पण आमच्यातल्या दोघींचं पेन्शन हाच काय तो आधार आहे, असं किती वर्ष चालणार.

आता इथल्या एका फाउंडेशनने गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या लोकल संस्थांकडून अर्ज मागवलेत. फॉर्ममध्ये बजेटचे दोनच भाग आहेत, कार्यक्रम खर्च आणि प्रशासकीय खर्च, आणि प्रशासकीयला फार कमी टक्के ठेवलेत. मग या मुलींचं मानधन कशात दाखवायचं? प्रोव्हिजनल ऐंशी-जी वर कंपन्या सीएसआर देतात का? ‘परिणाम’ या रकान्यात काय लिहितात, आम्हाला तर फक्त मुलं वाचायला लागली एवढंच सांगता येतं. आणि माझी मावसबहीण न्यू जर्सीला आहे, ती आणि तिच्या मैत्रिणी डॉलर पाठवायला तयार आहेत, ते घ्यायचे का? एकाचंही उत्तर माहीत असेल तर लिहा.

मांजलपूर_सीए

ताई, पहिल्यांदा मानधनाचं. ते कार्यक्रम खर्चातच दाखवा आणि बिलकुल संकोच करू नका. शिकवण्याच्या प्रकल्पात शिकवणारी व्यक्ती हाच तर मुख्य खर्च आहे. प्रशासकीय म्हणजे तुमचं ऑडिट, ऑफिसचं भाडं, स्टेशनरी, टपाल असलं. सीएसआरच्या नियमातही ५ टक्क्यांची जी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे, एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला जो खर्च येतो तो नियमाच्या व्याख्येतच त्यातून वगळलेला आहे. त्यामुळे कोणी कायदा परवानगी देत नाही म्हणालं तर ते त्यांचं स्वतःचं धोरण असेल, कायदा तसं म्हणत नाही. फक्त ‘पगार’ असा एका शब्दाचा हेड टाकू नका, ‘वस्तीतल्या दोन शिक्षिकांचं मानधन, रोज संध्याकाळचा वर्ग आणि घरभेटी’ असं लिहा. पैसे रोख देत असाल तर आजपासून बँकेत ट्रान्सफर करा, दोघींना ट्रस्टच्या लेटरहेडवर नेमणूक पत्र द्या, हजेरी आणि व्हाउचर जपा. कागदाला कागद लागतो.

सीएसआरसाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, तो सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) यांच्या डिजिटल सहीने जातो. शिवाय अशाच कामाचा निदान ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून जुने फोटो, जुन्या वह्या, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र असं काय असेल ते गोळा करा. आणि प्रोव्हिजनल नोंदणी ३ वर्षांची असते, मुदत संपायच्या निदान ६ महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत नियमित नोंदणीचा अर्ज गेलाच पाहिजे, ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा कारण ती चुकली तर पुढचं सगळं अडतं. नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुन्या पुस्तकातून बघून फॉर्म भरू नका, तुमच्या सीएला विचारा.

एमएसयू_सोशलवर्क

मी बडोद्याच्या युनिव्हर्सिटीतून एमएसडब्ल्यू केलंय आणि पुढे ग्रँट देणाऱ्या बाजूला बसून अर्ज वाचलेत, त्यावरून सांगतो. काकू, तुम्ही ‘फक्त मुलं वाचायला लागली’ असं लिहिलंत, त्यातला ‘फक्त’ काढून टाका. वाचणाऱ्याला तेच हवं असतं. वर्गात आल्या दिवशी मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्या, अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद यातलं कुठपर्यंत येतं ते नोंदवा, चार महिन्यांनी परत तेच करा. झाला तुमचा परिणाम. आणि ती हजेरीची वही! तिच्या एका पानाचा फोटो अर्जाला जोडा, खाली मराठी, इंग्रजी जे चालेल त्यात अर्थ लिहा. ‘भाई राखे छे’ वाचल्यावर मानधन कशासाठी हे वेगळं समजवायला लागणार नाही. शब्दबंबाळ प्रस्ताव आम्ही चाळून बाजूला ठेवायचो आणि असं एखादं पान हातात आलं की थांबायचो.

तुम्ही लिहिलंत ते फाउंडेशन बहुतेक कम्युनिटी फाउंडेशन असेल. कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एकट्या एका शेठचा पैसा नसतो, गावातल्या खूप लोकांचे छोटेमोठे पैसे एकत्र करून, गावातल्याच लोकांच्या समितीने गावातल्याच संस्थांना द्यायचे. पहिलं अमेरिकेत क्लीव्हलँडला १९१४ मध्ये निघालं, मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ चा. बडोद्याला हे नवीन नाही, युनायटेड वे या संस्थेचा गरबा आपण सगळेच खेळलोय, त्या पासाच्या पैशातून इथल्या संस्थांना मदत जाते हे मात्र खेळणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना माहीत नसतं. अशा समित्यांना दूर बसून निर्णय घ्यायचा नसतो, ते बघायला येतात. त्यांना संध्याकाळी वर्ग चालू असतानाच बोलवा, हारतुरे आणि स्वागतगीत नको, मुलं जशी बसतात तशी बसू द्या आणि बोलायचं काम त्या दोघी बेनना करू द्या.

अजून एक, सोशल वर्क फॅकल्टीला विचारून बघा, त्यांचे विद्यार्थी फिल्डवर्कसाठी संस्थांमध्ये जातात. वाचन चाचणीच्या नोंदी ठेवायला हात मिळतील.

मकरपुरा_एचआर

मोठ्या कंपन्यांच्या मागे सगळं शहर लागलेलं असतं. तुम्ही मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), पोर, सावली इकडच्या मधल्या कंपन्या बघा. नफा ५ कोटी झाला की सीएसआर लागू होतं आणि मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, म्हणजे ५ कोटीवाल्याचे साधारण १० लाख. अशा कंपनीत सीएसआरचा वेगळा माणूस नसतो, ५० लाखांपर्यंतच्या रकमेला वेगळी सीएसआर कमिटीसुद्धा लागत नाही, बोर्डच ठरवतं, आणि व्यवहारात फाइल माझ्यासारख्या एचआरवाल्याच्या नाहीतर अकाउंट्सच्या टेबलावर पडलेली असते. फेब्रुवारी-मार्चला आमची धावपळ असते आणि तेव्हा जो समोर उभा असतो त्याला मिळतं, पण ते पैसे घाईचे, वस्तूंवरच जातात. तुम्ही दिवाळीनंतर लगेच या, आणि एका वर्षाचं न मागता ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मागा, त्यात सुरू केलेलं वर्ष सोडून पुढे ३ वर्षांपर्यंत काम चालवता येतं. मानधनासाठी असाच पैसा लागतो. पहिल्या भेटीत सगळं नका मागू, एका शिक्षिकेचं वर्षाचं मानधन एवढंच मागा, त्याचा हिशोब वेळेवर द्या, दुसऱ्या वर्षी आम्हीच विचारतो की अजून काय लागेल.

अटलांटा_ते_अकोटा

डॉलरबद्दल जपून. मावसबहिणीचा पासपोर्ट अजून भारताचा असेल तर तिने बँकेतून पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत, घेऊ शकता, तिच्या पासपोर्टची कॉपी फाइलला लावून ठेवा. पण तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असली तरीही, ती परदेशी देणगी झाली आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची परवानगी, असल्याशिवाय एक डॉलरसुद्धा घेता येत नाही. ज्या संस्थेकडे एफसीआरए आहे तिच्यामार्फत फिरवून घेऊ असंही कोणी सुचवेल, ते २०२० च्या दुरुस्तीने बंद झालंय. मैत्रिणींचं प्रत्येकीचं वेगळं बघा.

निझामपुरा७

मला वाटतं एवढी खटपट करण्यापेक्षा कॉलेजची मुलं व्हॉलंटियर म्हणून घ्या ना, बडोद्यात कॉलेजं काय कमी आहेत, सेवा म्हणून येतील आणि खर्चाचा प्रश्नच मिटेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं.

निझामपुरा, तुमचा हेतू चांगला आहे पण मला हे पटत नाही आणि का ते सांगते. कॉलेजची मुलं येतात, छान शिकवतात, आम्हाला आवडतातही. पण नवरात्रात नऊ रात्री ती येत नाहीत, उत्तरायणला येत नाहीत, त्यांच्या परीक्षा आल्या की महिनाभर येत नाहीत आणि आमच्या मुलांच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास असतात. शिवाय आमच्या या दोन मुलींनी सेवा म्हणून फुकट का शिकवायचं? त्यांच्या घरी पण भाडं आहे. मॉलच्या काउंटरला उभं राहिलं तर त्यांना आमच्यापेक्षा जास्त मिळेल, तरी त्या इथे थांबल्यात. गरीब वस्तीतल्या मुलीचं काम तेवढं फुकट असावं असं धरून चालणं मला बरोबर वाटत नाही. दप्तराला पैसे आहेत आणि दप्तरातलं पुस्तक वाचायला शिकवणारीला नाहीत, हेच तर मला बदलायचंय.

सीए दादा, प्रोव्हिजनलची तारीख आजच काढून बघितली, आमचं काम आधीपासून चालू आहे म्हणून अर्जाची तयारी या महिन्यातच सुरू करते. आत्तापर्यंत मानधन अर्धं रोख, अर्धं बँकेत जात होतं, पुढच्या महिन्यापासून सगळं बँकेत. बहीण अजून भारतीय पासपोर्टवरच आहे, तिच्या मैत्रिणींना मात्र नाही सांगितलं. वहीच्या पानाची कल्पना बेननाही फार आवडली, फक्त मुलांची नावं झाकून फोटो काढू असं धाकटीने सुचवलं आणि ते बरोबरच आहे.

आता एकच राहिलं. फाउंडेशनच्या फॉर्ममध्ये ‘ग्रँट संपल्यावर काम कसं चालू राहील’ असा रकाना आहे. त्यात खरं काय लिहायचं?

एमएसयू_सोशलवर्क

खरं तेच लिहा काकू. पुढच्या वर्षी स्वावलंबी होऊ असं सगळे लिहितात आणि वाचणाऱ्याला कळतं की होणार नाही, वस्तीतले पालक फी देऊन वर्ग चालवू शकत नाहीत. तुम्ही लिहा की यातला अमुक वाटा आमचे विश्वस्त आणि ओळखीचे लोक दर महिन्याला बांधील रक्कम देऊन उचलतात, त्यांची यादी सोबत जोडतोय, एक वाटा मधल्या कंपनीकडून मागणार आहोत, आणि उरलेल्यासाठी तुमच्याकडे परत अर्ज करू. दर महिन्याला थोडे थोडे देणारे पंचवीस-तीस लोक आपल्या दांडिया बाजारातसुद्धा मिळतील, गणपतीत मंडळाच्या मांडवात टेबल टाका. रोख २००० च्या वर दिलं तर त्यांना ऐंशी-जी मिळत नाही, तेव्हा यूपीआयचा कोड ठेवा. अर्ज पाठवायच्या आधी मला इथेच मेसेज करा, बजेट बघून देतो.

मकरपुरा_एचआर

आणि दिवाळीनंतर आमच्याकडे याच. येताना वही घेऊन या.