एक्सेलमध्ये +९१ टाकलं की उणे आकडा का येतो?

प्रश्न
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या नेत्र आणि रक्तगट तपासणी शिबिराची यादी एक्सेलमध्ये भरतोय. लँडलाइन +९१-७१२-… असा टाकून एंटर मारला की उणे आकडा येतो. मोबाइल +९१ लावून सलग टाकला तर ९.१९ई+११ असं दिसतं. चष्म्याच्या नंबरातला प्लस उडतो, आणि आरएचच्या (रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह) रकान्यात पॉझिटिव्हसाठी प्लसला जोडून व्ही-ई ही इंग्रजी अक्षरं लिहिली की नेम एरर. चारही एकाच कारणानं होतंय का?

खतावणी
मूळ जवळपास एकच, भाऊ. सेलमध्ये पहिलंच अक्षर + आलं की एक्सेल ते आकडा किंवा गणित समजतं. मोबाइल आणि चष्म्याचा नंबर त्याला साधा आकडा वाटतो, म्हणून प्लस गळतो; मोबाइलचा लांब आकडा ते ई+११ असा आखडून दाखवतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये सूत्र प्लसनेच सुरू व्हायचं, ती सोय एक्सेलनं ठेवली. रिकाम्या सेलमध्ये नुसतं +९१-७१२ टाकून बघा, -६२१ येईल. नागपूरचा एसटीडी कोड ९१ मधून वजा झाला. व्ही-ई त्याला कुठल्यातरी रेंजचं (सेलच्या गटाचं) नाव वाटतं, म्हणून नेम एरर.

फोन आणि आरएच हे रकाने भरण्याआधीच निवडा, कंट्रोल+१ दाबून टेक्स्ट करा. आधी, हे महत्त्वाचं. भरून झाल्यावर टेक्स्ट केलं तर गेलेला प्लस परत येत नाही. दोनचारच नोंदी असतील तर सुरुवातीला ' हे चिन्ह टाकलं तरी पुरतं. ओ+ किंवा बी+ ला काही होत नाही, तिथे अक्षर आधी येतं.

भिंगवाला_इतवारी
चष्म्याचा नंबर मात्र टेक्स्ट करू नका, नाहीतर नंबरप्रमाणे लावता येणार नाही. कंट्रोल+१, कस्टम, आणि तिथे लिहा:
+०.००;-०.००;०.०० (आकडे इंग्रजी)
पहिला भाग धन, दुसरा ऋण, तिसरा शून्य. मग १.५ टाकलं तरी +१.५० दिसेल. पण यात एक धोका आहे. कुणी -१.५० लिहिताना उणे विसरलं तर एक्सेल बिनदिक्कत +१.५० दाखवेल, आणि लांबचं न दिसणाऱ्याला जवळच्या चष्म्याचं भिंग लागेल. म्हणून हा रकाना डॉक्टरांच्या चिठ्ठीशी एकेक ओळ ताडूनच पुढे पाठवा.

प्रश्नकर्ता
फोनच्या दीडशे ओळी आधीच भरल्यात. परत टाकाव्या लागतील का?

खतावणी
नाही. लँडलाइनचं उणे उत्तर वर दिसतं, पण आत =+९१-७१२-… तसंच शाबूत आहे. शेजारच्या रकान्यात फॉर्म्युलाटेक्स्ट हे फंक्शन लावा (एक्सेल २०१३ पासून आहे), त्याला मिड या (मजकुराचा तुकडा उचलणाऱ्या) फंक्शनमध्ये घालून दुसऱ्या अक्षरापासून पुढचं उचला. पहिलं = गळतं, प्लस राहतो. मग कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज. मोबाइलचे १२ अंकही आत पूर्ण आहेत, एक्सेल १५ अंकांपर्यंत अचूक ठेवतं. तिथे कस्टममध्ये +० लिहा, झालं.

पण ई+११ दिसत असताना फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह करू नका. सीएसव्हीत जे दिसतं तेच जातं, म्हणजे शेवटचे अंक खरोखर गेले. आणि सीएसव्ही परत उघडताना डबल क्लिक नको: डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, ट्रान्सफॉर्म डेटा, फोनचा रकाना टेक्स्ट, मगच लोड.