चोर्ला घाट उतरताना बाईकचा पुढचा ब्रेक मऊ पडतो

बेळगाव: निम्मा घाट उतरला की डिस्कचा लिव्हर मुठीला टेकतो. थंड झाल्यावर परत कडक. पॅड नवे आहेत. काय बघू ओ?

खानापूर: ब्रेक ऑइल उकळतंय. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं. पाणी शोषलेल्याची किमान मर्यादा १५५. दोन वर्षं झाली असतील तर बदला. आपला पाऊस काय कमी हाय?

निपाणी: आधी चाक उचलून फिरवा की. जड फिरलं तर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना गंजल्यात, पॅड सुटत नाही, म्हणूनच तापतंय. पिना घासून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं रबर फुगतं.

खानापूर: बरोबर. ब्लीड करताना, म्हणजे ऑइलमधली हवा काढताना, लिव्हर दाबून धरूनच कॅलिपरवरचं निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) पाव आटा सैल करा, घट्ट केल्यावरच सोडा. वरची ऑइलची डबी रिकामी पडली की हवा शिरते, मग सगळं पहिल्यापासून.