मानसशास्त्रज्ञांची नामांकनं: 'खरं काम करणारा अर्ज करत नाही' हे आता पुरे

निरंजना

परवा इथेच 'तळटीप' यांचं लिखाण वाचलं आणि तिडीक गेली डोक्यात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मानसशास्त्रातले पुरस्कार म्हणजे 'अहो रूपम् अहो ध्वनिः'. ज्याला खरंच काम करायचंय तो नामांकनाच्या फंदात पडत नाही, आणि स्वतःचं नाव स्वतःच पाठवणारा तर आधीच संशयास्पद. खाली प्रतिसादांत सगळ्यांच्या माना डोलताहेत.

अहो, निवड समिती गुणी माणसं शोधत दारोदार हिंडत नाही. टेबलावर जे अर्ज येतात त्यातूनच ती निवडते. तुम्ही सगळे सोवळं नेसून बाजूला बसलात की उरतं कोण? ज्यांच्या विभागात अर्ज भरायला माणूस आहे ते. मग दरवर्षी तीच नावं येतात आणि तुम्ही म्हणता, बघा, सगळं ओळखीवर चालतं.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने 1968 मध्ये 'मॅथ्यू परिणाम' मांडला: ज्याचं नाव आहे त्यालाच आणखी नाव मिळत जातं. गंमत म्हणजे त्या लेखाचा मोठा आधार समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखती होत्या, आणि त्यांचं नाव सहलेखक म्हणून असायला हवं होतं हे मर्टनने पुढे स्वतःच मान्य केलं. काळ्या मुलांना गोऱ्या-काळ्या बाहुल्यांतून निवडायला सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध प्रयोगांचंही तेच. नाव निघतं ते केनेथ क्लार्कचं, पण बीज त्याची बायको मेमी क्लार्क हिच्या एम.ए.च्या प्रबंधात होतं.

हे सगळं आत्ता डोक्यात आहे कारण मी एका शालेय मानसशास्त्रज्ञाचं नामांकन भरतेय. शाळेतलं एखादं मूल दगावलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात काय बोलायचं, हजेरी घेताना ते नाव कसं हाताळायचं, रिकाम्या बाकाचं काय करायचं, यावर तिने चार पानं लिहिलीत. कितीतरी शाळा ती वापरतात. त्या पानांवर तिचं नावसुद्धा नाही. तिला विचारलं तर म्हणाली, 'कशाला गं उगाच?' आता तिला पुरस्काराची हाव आहे असं म्हणायचंय का कोणाला?

तळटीप

माझ्यावर आख्खा धागा! धन्य झालो.

बाई, तुमची मैत्रीण उत्तमच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण एका चांगल्या माणसावरून पद्धत चांगली ठरत नाही. डिडरिक स्टापेल या डच मानसशास्त्रज्ञाला 2009 साली प्रायोगिक सामाजिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने कारकिर्दीबद्दल गौरवलं. 2011 मध्ये उघड झालं की पठ्ठ्या आकडे घरी बसून बनवत होता. पुढे 58 शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्याला उघडं पाडलं ते त्याच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी. त्यांच्यासाठी कोणी शिफारसपत्र लिहिलं असेल तर दाखवा.

आणि पत्रं! मी लिहिलेली आहेत म्हणून सांगतो. मोठ्या माणसाकडे शिफारस मागितली की निरोप येतो, 'मसुदा तूच पाठव, मी सही करतो.' म्हणजे उमेदवार स्वतःला 'या पिढीतले अग्रगण्य' म्हणवून घेतो आणि खाली सही भलत्याची. एका पत्रात तर दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या उमेदवाराचं नाव तसंच राहिलं होतं. निवड झाली त्याची. यावरून ती पत्रं किती वाचली जातात ते ओळखा.

खडूसमास्तर

मूळ दुखणं दोघांनाही दिसत नाहीये. फॉर्म संशोधकांसाठी बनवलेला असतो. शोधनिबंध किती, संदर्भसंख्या किती (म्हणजे इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले), अनुदान किती. जो माणूस दिवसभर समोरच्याचं ऐकतो त्याने त्या रकान्यांत काय लिहायचं? 'लोक बरे झाले'? आमच्या विभागात समुपदेशन करणाऱ्याला शेवटच्या टेबलावर जागा आणि प्रश्नावल्या वाटणाऱ्याला स्वतंत्र खोली. पुरस्कार तिथूनच सुरू होतात. कितीदा बोललो, कोणाला पडलेलं नाही.

सायली_न

मास्तर, 'लोक बरे झाले' हे लिहायच्या नादातच गोची होते. माझ्या बहिणीचं सांगते. ती एका थेरपिस्टकडे जात होती, उपयोगही होत होता. एके दिवशी बाईंचा मेल आला: एका सन्मानासाठी माझं नाव जातंय, तुझा अनुभव चार ओळींत लिहून देशील का? नाव देऊ नकोस, चालेल.

बहीण आठवडाभर अस्वस्थ. नाही म्हणावं तर पुढच्या भेटीत काय? हो म्हणावं तर काय लिहावं, कितपत लिहावं? शेवटी लिहिलं. आणि नंतर त्या खोलीत पूर्वीसारखं बोलणं जमेना, कारण आपण यांच्यासाठी काहीतरी केलंय हे डोक्यातून जाईना. तिने जाणंच सोडलं. त्या बाईंना सन्मान मिळाला की नाही, मला जाणूनही घ्यायचं नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत कलम 5.05 यासाठीच आहे: सध्या उपचार घेणाऱ्यांकडून, किंवा परिस्थितीमुळे दबावाखाली येऊ शकतील अशा कोणाकडूनही प्रशस्ती मागायची नाही. निरंजना, तुमच्या अर्जात कोणाची पत्रं आहेत?

निरंजना

एका पालकांचं पत्र आहे. त्यांनी आपणहून देऊ केलं, मी मागितलं नव्हतं.

सायली_न

ज्यांचं मूल गेलं ते पालक?

निरंजना

त्यांच्या धाकट्या मुलीला तिने पुढे बरीच वर्षं सांभाळलं. हो, तेच. आणि सूर जरा खाली आणा, मी कोणाला ओलीस धरलेलं नाही.

आडवाटा

हे वाचून राहवलं नाही. मी स्वतः क्लायंट होतो. थेरपी संपून बराच काळ लोटला. ज्यांनी मला बाहेर काढलं त्यांच्यासाठी मी पत्र का लिहू नये? हाडाच्या डॉक्टरांबद्दल लोक चारचौघांत बोलतात, हात जोडतात, तेव्हा कोणी 'दबाव, दबाव' करत नाही. आम्ही मनाचे पेशंट म्हणून कायमचे बिचारे, आमचं कौतुकसुद्धा संशयित! सायलीताई, तुमच्या बहिणीचं वाईट झालं, पण म्हणून माझ्या तोंडावर पट्टी लावू नका.

सायली_न

पट्टी कोण लावतंय? कलम मागण्याबद्दल आहे, तुमच्या बोलण्याबद्दल नाही. नीट वाचायचं की नुसतं भडकायचं?

आडवाटा

'भडकायचं.' वा. माजी पेशंट जरा मोठ्याने बोलला की लगेच निदान.

सायली_न

मी निदान केलेलं नाही. शब्द मागे घेते, मुद्दा नाही. तुम्ही स्वतः उठून पत्र लिहिलंत तरी ते समितीकडे पाठवायचं की नाही हे तुमच्या थेरपिस्टने ठरवावं लागतं, कारण आत गेलेला तुमचा तपशील समितीतली अनोळखी माणसं वाचतात. उद्या गौरवपत्रात 'गंभीर नैराश्यातून उठलेल्या एका तरुणाने' असं छापून आलं आणि तुमच्या ऑफिसातल्या कोणी दोन अधिक दोन केलं तर?

आडवाटा

तर तो माझा प्रश्न.

(पण 'छापून आलं' हा विचार केला नव्हता. असो.)

तळटीप

बघा, नामांकनावरून निघालो आणि कुठे पोचलो. तरी माझंच खरं ठरतंय: गुप्तता पाळणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं, न पाळणाऱ्याकडे भरपूर. मग बक्षीस कोणाला?

रानवारा

मला या गुप्ततेचंच दुसरं टोक खुपतं. नामांकनं बंद पाकिटात का? नोबेलचे नामांकनाचे कागद 50 वर्षं बंद असतात. फ्रॉइडचं नाव वैद्यकशास्त्रासाठी 30हून जास्त वेळा सुचवलं गेलं, शिवाय 1936 साली फ्रेंच लेखक रोमां रोलांने साहित्यासाठीही सुचवलं, हे सगळं नंतर कळलं. मिळालं काहीच नाही. 1930 चा गोएथे पुरस्कार तेवढा मिळाला.

आणि आधीच नाव उघड झालं की काय होतं तेही बघा. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेलला 1997 मध्ये जीवनगौरव सुवर्णपदक जाहीर झालं, सोहळा तोंडावर आला, आणि वंश व सुप्रजनन (म्हणजे 'चांगल्या' वंशाच्याच लोकांना मुलं व्हावीत हा विचार) याबद्दलच्या त्याच्या मतांवरून आक्षेप आले. पदक लांबणीवर, चौकशी समिती, शेवटी त्यानेच नाव मागे घेतलं. फेब्रुवारी 1998 मध्ये वारला, वय 92. त्याची ती मतं काही त्या वर्षी उगवली नव्हती, जुन्या पुस्तकांत छापलेली होती. नामांकन करणाऱ्यांनी ती वाचली नव्हती की वाचूनही गप्प बसले?

खडूसमास्तर

16 पीएफ ही व्यक्तिमत्त्व मोजणारी प्रश्नावली बनवणारा माणूस तो. घटक विश्लेषणातलं (आकड्यांच्या ढिगातून मूळ घटक वेगळे काढण्याच्या गणिती पद्धतीतलं) त्याचं काम काढून टाका आणि मग बोला. कामाला पदक द्यायचं की चारित्र्याला, एकदा ठरवा.

रानवारा

जीवनगौरव म्हटलं की आख्खं जीवन आलं, मास्तर. घटक विश्लेषणगौरव म्हणा, मी टाळ्या वाजवतो.

निरंजना

मूळ मुद्द्यावर येऊ का? तळटीप म्हणतात पत्रं कोणी वाचत नाही. वाचतात, आणि शब्दाशब्दाने फरक पडतो. ट्रिक्स आणि सेन्का या संशोधकांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका अमेरिकी वैद्यकीय विद्यालयातली 300हून अधिक शिफारसपत्रं तपासली. बायकांसाठीची पत्रं आखूड, आणि त्यांत कष्टाळूपणाचं कौतुक जास्त. माझ्या मैत्रिणीसाठी आलेलं पहिलं पत्र असंच होतं: 'मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना हवीहवीशी.' त्या चार पानांचा उल्लेखही नाही! परत पाठवलं. अशी पत्रं कोणीतरी परत पाठवायला हवीत, आणि त्यासाठी नामांकनात हात घालावा लागतो. लांबून नाक मुरडून ते होत नाही.

सायली, पालकांचं पत्र काढतेय. तुमचं पटलं म्हणून म्हणा, किंवा त्या धाकट्या मुलीने उद्या ते वाचलं तर काय, हे डोक्यात बसलं म्हणून म्हणा. त्याऐवजी ती पानं वापरणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना सांगते.

सायली_न

आपणहून काढताय, आनंद आहे. मघाचा सूर तेवढा लक्षात ठेवेन.

तळटीप

मुख्याध्यापक म्हणतील, मसुदा पाठवा.

निरंजना

म्हणू देत. तुम्हाला पत्रं लिहायचा एवढा सराव आहे, तर ती चार पानं पाठवते. वाचा आणि पटलं तर एक पत्र लिहा. मसुदा मिळणार नाही.

तळटीप

पाठवा. वाचायला काय जातंय. पुरस्कार भंपक असतात हे मत कायम आहे, नोंद घ्यावी.

खडूसमास्तर

पत्रांचं नंतर बघा. प्रकाशनांचा रकाना रिकामा ठेवला तर ऑनलाइन फॉर्म पुढच्या पानावर जातच नाही. तिथे काय टाकणार आहात?